रेडकर सरांचे ठोकळे

रेडकर सर सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना "अहो" म्हणत आणि प्राचार्यांना "अरे". प्राचार्य सबनीस त्यांचे वर्गमित्र, त्यामुळे "अरे" समजण्यासारखं होतं. पण नुकतीच अकरावी संपवून आलेल्या मुलांना पहिल्या दिवशी "अहो, तुम्ही वाळू चाळून घेतलीत का?" असं कुणी विचारलं की ती मागे वळून बघत. आपल्यामागे कुणी मोठं माणूस उभं आहे, असं त्यांना वाटे.

मी अंधेरीच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजचं कार्यालय सांभाळते. सुट्टीत अकरावी झालेल्या मुलांनी सहा आठवडे आमच्या प्रयोगशाळांत यायचं, एखाद्या प्राध्यापकाच्या हाताखाली एक खराखुरा प्रश्न घेऊन त्यावर काम करायचं, असा उपक्रम सरांनी सुरू केला होता. त्याला आम्ही उन्हाळी उमेदवारी म्हणायचो. प्रश्न मुलांचा, प्रयोगशाळा सरांची आणि बाकीचं सगळं माझं: अर्ज, पालकांच्या सह्या, विमा, पायात घालायचे जाड बूट, दुपारचं सरबत. मला याद्या केल्याशिवाय काम सुचत नाही. सरांना यादी दाखवली की ते ती आदराने वाचत, घडी घालून खिशात ठेवत आणि पुढच्या आठवड्यात तीच घडी उलगडून मला विचारत, "मीनाताई, हे तुमचं का?"

सर भांडुपचे. वडील गिरणीत, मूळ गाव मालवणाकडे. बोलणं एरवी आमच्यासारखंच, पण मन हललं की मालवणी बाहेर येई. विषय काँक्रीट. "सिमेंट सुकतं असं कोणी म्हणालं की मला वाईट वाटतं," ते म्हणत. "ते सुकत नाही हो, शिजतं. पाण्यात ठेवा, हळूहळू शिजू द्या." डब्यात बहुतेक दिवस भाकरी आणि सुकट. स्टाफरूममध्ये वासावरून कुरकुर झाली तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. डबा उचलला आणि प्रयोगशाळेत वाळूच्या ढिगाशेजारी स्टूल टाकून जेवायला लागले. उन्हाळ्यात मुलंही तिथेच जेवायला बसत. मी तिथे दोनदा कचऱ्याचा डबा पाठवला, दोन्ही वेळा त्यात सिमेंट कालवलेलं सापडलं.

मुलं निवडायची त्यांची पद्धत कुणालाच मान्य नव्हती. व्यवस्थापनाला टक्के हवे होते. सर मुलाखतीत एकच प्रश्न विचारत: "घरात शेवटचं काय दुरुस्त केलंत?" मूल सांगे. मग सर विचारत, "ते पुन्हा बिघडलं का?" पुन्हा बिघडलं म्हणणारा बहुधा आत येई.

शेवटच्या वर्षी वेसाव्याच्या कोळीवाड्यातली हर्षाली आली. आई मासळी विकायची, वडील बोटीवर. तिने मिक्सर दुरुस्त केला होता.

"मग? बिघडला परत?"

"चालू केला तर वास आला, सर. आई बोलली, आता हात लावलास तर बघ."

"लावलात?"

"ती बाजारात गेल्यावर."

दुसरा आर्यन. लोखंडवालाच्या उंच इमारतीतला, परदेशी विद्यापीठाची स्वप्नं बघणारा. त्याने खरं सांगितलं की त्यांच्या घरी सगळ्याला माणूस बोलावतात.

"आणि तो माणूस काम करतो तेव्हा तुम्ही कुठे असता?"

"तिथेच उभा असतो, सर. तो वैतागतो. बोलतो, बाजूला हो ना यार."

सरांनी दोघांची जोडी लावली.

हर्षालीचा प्रश्न तिच्या दारातला होता. कोळीवाड्यात खाऊन झालेल्या तिसऱ्यांच्या आणि कालवांच्या शिंपल्यांचे ढीग पडलेले असतात. त्यांचा पिठासारखा बारीक चुरा करून थोडं सिमेंट वगळलं आणि त्याजागी तो घातला, तर काँक्रीट किती भार घेईल? हे बघायचं तर काँक्रीटचे ठोकळे ओतायचे, दुसऱ्या दिवशी लोखंडी साच्यातून काढायचे, अठ्ठावीस दिवस पाण्याच्या टाकीत ठेवायचे आणि मग मशीनमध्ये दाबून फोडायचे. ठोकळा फुटताना मशीनवर जो आकडा येतो, ती त्याची ताकद. काही ठोकळे चुऱ्याशिवायचे, काही दहा टक्के चुऱ्याचे, काही वीस टक्क्यांचे. सहा आठवड्यांत हे एकदाच बसतं. दुसरी संधी नाही. म्हणून मी सरांना म्हणत असे, दुसरं काहीतरी घ्या, लवकर संपणारं. ते म्हणत, "लवकर संपतं ते मुलं शाळेत करतातच की."

मुलं काम करत तेव्हा सर दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहत. ही सवय नव्हती, नियम होता, आणि तो त्यांना फार जड जाई. एकदा आर्यन घमेल्यात पाणी ओततच होता, काँक्रीटची आमटी होत चालली होती. मी दारातून बघत होते. सरांची मागची बोटं एकमेकांत घट्ट अडकलेली, चेहरा दात दुखत असल्यासारखा.

"सर, सांगा ना त्याला," मी हळूच म्हटलं.

"माझा हात एकदा पुढे आला ना, मीनाताई, की तो ठोकळा माझा होतो. मग त्यांनी काय करायचं? माझी वाळू उचलायची?"

आर्यनची आई एकदा तावातावाने आली. मुलाच्या तळव्यांना फोड आले होते. "आम्ही त्याला रिसर्चला पाठवलंय, मजुरीला नाही."

सरांनी तिला खुर्ची दिली, सरबत दिलं. "बाई, तुमचं बरोबर आहे. पण काँक्रीटला त्यातला फरक कळत नाही." मग ते गंभीरपणे म्हणाले, "तळव्यांना खोबरेल लावा. आणि आज त्याने काय केलं ते विचारा. सांगताना तो थांबणार नाही, तेवढा वेळ काढा."

ती दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. मी फाइल काढून तयार बसले होते. ती शिंपल्यांचा चुरा बघायला आली होती.

फुटलेले ठोकळे सर उन्हाळा संपेपर्यंत टाकू देत नसत. त्यांचे तुकडे दाराला अडसर म्हणून, कागदांवर वजन म्हणून, कुणाच्या तरी चहाच्या कपाखाली असत. सामानाच्या यादीत मी त्यांना काय म्हणू, असं विचारलं तर म्हणाले, "साक्षीदार म्हणा."

त्या वर्षी जूनअखेर सर निवृत्त होणार होते. त्यांच्यानंतर उमेदवारी कोण चालवणार, हा प्रश्न होता. व्यवस्थापन पैसे द्यायला तयार नव्हतं. सबनीसांनी खटपट करून एका कंपनीचे अधिकारी शेवटच्या दिवशीच्या सादरीकरणाला बोलावले. त्यांना आवडलं तर पुढची काही वर्षं तरी उपक्रम त्यांच्या खर्चाने चालणार होता. सरांनी स्वतःसाठी कधी कुणाकडे शब्द टाकलेला मी पाहिला नव्हता. त्या उन्हाळ्यात मात्र ते माझ्या टेबलाशी दोन-तीनदा येऊन गेले. "मीनाताई, ते लोक येतायत ना नक्की? त्यांना चहा कसा लागतो ते विचारून ठेवा."

ठोकळे टाकीत गेले आणि सरांना विद्यापीठाचे पेपर तपासायला बोलावणं आलं. ते परत आले ते सादरीकरणाच्या आदल्या दिवशी, रंगीत तालमीला. ठोकळे तोवर फुटलेही होते. मशीन चालवणाऱ्या तंत्रज्ञाने आकडे दिले आणि मुलांनी आलेख काढला.

आलेख झकास होता. चुरा जसा वाढे तशी ताकद वाढत होती. वीस टक्क्यांचे ठोकळे सगळ्यांत मजबूत. शेवटच्या चित्रात हर्षालीच्या घराचा फोटो होता: वरच्या नव्या खोलीच्या स्लॅबसाठी बांधलेल्या सळ्या आणि शेजारी चुऱ्याच्या गोण्या.

"पप्पांनी गिरणीतून दळून आणला," ती म्हणाली. "पावसाच्या आधी स्लॅब टाकायचाय. येत्या रविवारी."

सबनीस जागेवरून उठले. "वा. हे उद्या सगळ्यांत शेवटी ठेवा. हेच दाखवायचंय त्यांना. काय अनंता?" त्यांनी सरांना विचारलं.

सर कोपऱ्यातल्या फुटलेल्या तुकड्यांपाशी जाऊन उकिडवे बसले आणि एकेक तुकडा उलटा करून बघायला लागले. बराच वेळ बघितल्यावर त्यांनी विचारलं, "यांच्यावरची नावं कुठे आहेत?"

"ती पुसली गेली, सर," आर्यन म्हणाला. "आम्ही मार्करने लिहिलं होतं. पाण्यात गेलं सगळं."

"मग कुठला कुणाचा ते कसं कळलं?"

"ओळखले ना," हर्षाली म्हणाली. तिच्या आवाजात चोरी अजिबात नव्हती. "शिंपल्यात कॅल्शियम असतं, हाडांसारखं. म्हणजे जास्त चुऱ्याचे जास्त मजबूत असणार. जे सगळ्यात उशिरा फुटले ते वीसवाले, मधले ते दहावाले, आणि उरलेले साधे."

सबनीसांनी डोळे मिटले. मला अजून नीट कळलं नव्हतं. सर तसेच जमिनीवर बसून राहिले. रागावले नाहीत.

"मी आताच पेपर तपासून आलो," ते म्हणाले. "समजा एका गठ्ठ्यातल्या पेपरांवर नंबरच नव्हते. मी म्हटलं, हर्षाली हुशार आहेत, तेव्हा सगळ्यांत जास्त मार्कांचा पेपर त्यांचा. तसा लावून टाकला. आणि मग सगळ्यांना सांगितलं, बघा, हर्षालीला सगळ्यांत जास्त मार्क पडले, म्हणजे त्या हुशारच. चालेल?"

आर्यनला आधी कळलं. त्याने फोटोकडे बघितलं, मग हर्षालीकडे. "वाट लागली," तो पुटपुटला.

"म्हणजे वीसवाले कच्चे पण असतील?" हर्षालीने विचारलं.

"असतील. नसतीलही. आपल्याला माहीत नाही."

तिने त्या फोटोकडे पुन्हा पाहिलं. "सर, पण त्याच्याखाली आजी झोपणार आहे."

सबनीसांनी सरांना बाजूला घेतलं. प्रयोगशाळा लहान, सगळं ऐकू येत होतं. "अनंता, स्लॅबचं आज जाऊन सांगून टाक, प्रश्न मिटला. पण उद्या आलेख राहू दे. मुलं आहेत, त्यांनी मुद्दाम केलेलं नाही. हे लोक गेले ना, की तुझ्या पोरांना पुढे कुणी विचारणार नाही."

"तू सांगतोस ते मला कळत नाही असं नाही रे," सर म्हणाले. "आता काय करूचां?" मग म्हणाले, "घरी एक सांगायचं आणि सभेत एक, हे त्यांनी माझ्याकडून शिकायला नको."

"तुझ्या आयुष्यभराचं काम आहे."

"म्हणूनच बोलतोय ना मी."

संध्याकाळी आम्ही रिक्षाने वेसाव्याला गेलो. मी गेले, कारण पत्ता माझ्याकडे होता आणि सरांचा रस्त्याच्या बाबतीत मला भरवसा नव्हता. हर्षालीची आई दारातच टोपली धूत होती. सरांनी उभ्या उभ्या सांगितलं की चुरा स्लॅबमध्ये घालू नका.

"का? तुमच्याच कॉलेजात शिकली ना ही?" आईने विचारलं. "आमी तिला विचारूनच केलंय. रोज घरात तेच. शिंपल्या, शिंपल्या."

"तिने काम चांगलं केलं. पण ठोकळ्यांवरची खूण पुसली गेली. आता कुठला किती चुऱ्याचा ते कळत नाही."

"खूण पुसली?" तिने लेकीकडे बघितलं. "पाण्यात ठेवायची वस्तू आणि पुसणाऱ्या शाईने लिवलंस? आमच्या होडीचं नाव काय पेनाने लिवतात?"

हर्षालीने मान खाली घातली.

"तिला नका बोलू," सर म्हणाले. "ठोकळे साच्यातून काढले तेव्हा मी तिथेच होतो. फळ्यावरचा मार्कर हातात घेतला, तो मी बघितला. म्हटलं, उद्या टाकीत डोकावतील, शाई फिकट झालेली दिसेल, मग स्वतःच तेलरंग आणतील. मी हात मागे बांधून उभा राहिलो. आणि मग मला पेपरांना जावं लागलं आणि मी विसरलो. हे माझं आहे."

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. हर्षालीने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

"मास्तर, तुमी बघितलंत आणि बोलला नाय?" आई म्हणाली.

"नाही बोललो."

तिने टोपली उपडी ठेवली. "मग आता ह्या गोण्यांचं काय करू? दारात रांगोळी घालू?"

"रांगोळी उत्तम होईल," सर म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले. ती हसली. मग आम्हाला आत बसवलं. सरांना तिच्या घरचं सुकट वाढलं गेलं आणि त्यावर त्यांनी मालवणीतून जे काही सांगितलं, त्यातलं मला निम्मंच समजलं. रविवारी तिथला स्लॅब नुसत्या सिमेंटचा टाकला गेला.

दुसऱ्या दिवशी काय बोलायचं ते सरांनी मुलांवर सोडलं. फक्त म्हणाले, "मी मागच्या रांगेत असेन." आलेख संगणकात होता, काढून टाकलेला नव्हता. बाकीच्या मुलांचे प्रकल्प झाले: गळणारे नळ मोजणारं यंत्र, चाळीच्या छपराचा रंग आणि खोलीतली गरमी. शेवटी ही दोघं उभी राहिली.

"आमच्याकडे आकडे आहेत," हर्षाली म्हणाली, "पण ते कुठल्या ठोकळ्याचे आहेत ते आम्हाला माहीत नाही. म्हणून आम्ही तुम्हाला निष्कर्ष सांगू शकत नाही. चूक कशी झाली ते सांगतो."

आणि त्यांनी ती सांगितली. आर्यनने आलेख दाखवला आणि तो किती खरा वाटतो हेही सांगितलं. पेपरांचं उदाहरण स्वतःचं असल्यासारखं दिलं. मागच्या रांगेत सर पुढे वाकून ऐकत होते. कंपनीतल्या बाई आणि साहेब सभ्य होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या, चहा घेतला, मुलं प्रामाणिक आहेत असं म्हणाले. जाताना साहेबांनी सबनीसांना विचारलं की कुठला प्रकल्प यशस्वी झालाय तो जरा सविस्तर पाठवाल का. मी पाठवला. उत्तर आलं नाही. पुढच्या महिन्यात व्यवस्थापनाच्या बैठकीत उन्हाळी उमेदवारी बंद झाली. निर्णय लिहून घ्यायचं काम माझंच होतं.

निरोपसमारंभाच्या वेळी सरांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. शाल नको, श्रीफळही नको. "टाकी तेवढी रिकामी करू नका."

मी खाली जाऊन बघितलं तर टाकीत नवे ठोकळे होते. मुलं शनिवारी-रविवारी येऊन ओतून गेली होती. प्रत्येकावर लाल तेलरंगात ठळक अक्षरं. सबनीस तिथून दोनदा गेले आणि दोन्ही वेळा त्यांनी टाकीकडे बघितलं नाही. इतक्या काळजीने बघितलं नाही, की ते त्यांना दिसले असणार हे मला कळलं.

पुढे एका शनिवारी ठोकळे फोडायचे ठरले. सर आता बाहेरचे झाले होते. फाटकावर वहीत नाव लिहून, गळ्यात पाहुण्याचं कार्ड अडकवून आले. मशीन हर्षालीने चालवलं, आर्यन आकडे मोठ्याने वाचत होता. सबनीस चष्मा शोधायला म्हणून खाली आले आणि थांबले. चुऱ्याशिवायचे ठोकळे चांगले टिकले. दहा टक्क्यांचे जरा आधी फुटले. वीस टक्क्यांचे फार लवकर फुटले, आणि शेवटचा तर आर्यनने आकडा वाचायच्या आतच.

"कमी," हर्षाली म्हणाली. "खूपच कमी, सर."

"कुठला आहे तो?" सरांनी विचारलं.

तिने तुकडा फिरवून लाल अक्षर बघितलं. "वीसचा."

"नक्की?"

"नक्की."

"मग झालं तर," सर म्हणाले. त्यांचा चेहरा इतका मोकळा झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता. सबनीसांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि वर निघून गेले.

मी व्यवहाराचं विचारलं. उपक्रम बंद, फाइल बंद. हा निकाल नोंदवायचा कुठे? हर्षाली म्हणाली, "मॅडम, एक तुकडा मी घरी नेऊ? पप्पांना दाखवायचाय."

कॉलेजातली वस्तू बाहेर जायची तर गेटपास लागतो. मी तो लिहिला आणि सर आणि दोघं मुलं यांच्यामागोमाग फाटकापर्यंत गेले, कारण शनिवारचा सुरक्षारक्षक नवा होता. त्याने हर्षालीची पिशवी उघडली, आत काँक्रीटचा फुटका तुकडा बघितला आणि गोंधळून सगळ्यांकडे पाहिलं. मग वयाने मोठे म्हणून सरांना विचारलं, "साहेब, हे तुमचं का?"

सरांनी गळ्यातलं कार्ड काढून त्याच्या हातात दिलं.

"नाही," ते म्हणाले. "यांचं आहे."

आणि त्या दोघांना पुढे जाऊ देऊन मग ते फाटकाबाहेर पडले.